टाकीचं विरजण

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस पहिल्या वरणभातालाच विचारतो, "आपण कुठल्या खात्यात होतात?" मी आता सरावलोय. "पाणी खात्यात," असं म्हणून मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावतो. माणूस खूश होतो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, अमक्या गल्लीत नळाला धार नाही, असली गाऱ्हाणी जिलेबी येईपर्यंत पुरतात. ही युक्ती माझी नव्हे, आमच्या सौभाग्यवतींची. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, तेव्हा तिने ती शोधून काढली आणि घरात तेच कायम झालं. खोटं त्यात काहीच नाही. मी पाण्याच्याच खात्यात होतो. फक्त लोकांनी वापरून झालं की मग ते पाणी माझ्याकडे यायचं.

नळ आला की पुढारी येतात, तोटीला कुंकू लावतात, पेढे वाटतात. गटार झालं म्हणून पेढे वाटलेले मी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत. त्यामुळे या अंकाचे संपादक घरी येऊन "तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणाले, तेव्हा ते घर चुकलेत असंच मला वाटलं. जाताना जिन्यावरून ओरडून म्हणाले, "पण सांभाळून हं! अंक फराळाच्या वेळी वाचतात लोक!" सांभाळतो. तरी चकली हातात असेल तर ती आधी संपवून घ्या.

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून लागलो तेव्हा स्वातंत्र्य अगदी नवं होतं आणि संडास मात्र जुनेच होते. ठाणं घ्या, कल्याण घ्या, घराच्या पाठीमागे टोपलीचे संडास. पहाटे माणसं यायची, डोक्यावरून वाहून न्यायची, आणि आपण सगळे नाकाला रुमाल लावून दिवस सुरू करायचो. त्या माणसांना आमच्या खात्याने झाडू दिले, तुटपुंजा पगार दिला आणि वर स्वच्छतेची व्याख्यानं दिली. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते गमतीत लिहिता येत नाही म्हणून इथेच थांबतो.

त्यावरचा उपाय म्हणजे सेप्टिक टाकी, असं आम्हाला शिकवलेलं. टाकी म्हणजे जमिनीखाली एक बंद दगडी पेटी, आत आडव्या भिंती घालून केलेले खण. घाण पहिल्या खणात येते. जड असतं ते तळाशी बसतं, हलकं ते वर सायीसारखं धरतं, आणि मधलं पाणी पुढच्या खणात सरकतं. आतल्या अंधारात, हवेशिवाय जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव तो गाळ खात बसतात. शेवटी जे पाणी निघतं ते खडी भरलेल्या शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवायचं. आता यात माणसाने करायचं काय? तर काही नाही! झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. एवढं सोपं शास्त्र, पण आपल्या लोकांना गप्प बसणं सोडून बाकी सगळं जमतं.

उंबरटेप नावाचं एक गाव. खडवलीला उतरून नदीपलीकडे गेलं की डोंगराची सोंड लागते, त्या सोंडेवर. वरची आळी आणि खालची आळी असे गावाचे दोन भाग. वरच्या आळीत पाण्याचा थेंब नाही. खालच्या आळीत एक विहीर, तिला तिकडे बाव म्हणतात. दोन्ही आळ्यांच्या बाया त्याच बावीवर. वरच्या आळीत एका दानशूर शेटजींनी शाळा आणि बोर्डिंग बांधून दिलं होतं. मुलांना निजायला खोल्या बांधल्या, जेवायला पडवी बांधली, संडास बांधले. संडासाच्या मागच्या भिंतीपाशी शेटजींचं दान संपलं. पुढची जबाबदारी उताराने घेतली. बोर्डिंगची घाण आणि आळीतल्या मोऱ्यांचं सांडपाणी एकत्र होऊन ओघळाने खाली यायचं, ते थेट बावीच्या कडेला. म्हणजे वरच्या आळीच्या बाया जे पाणी खालून धापा टाकत वर न्यायच्या, तेच दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी खाली यायचं.

एका पावसाळ्यात खालच्या आळीत जुलाब-उलट्यांची साथ आली. त्यात भागीबाय नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा दोन दिवसांत गेला. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मी बाव बंद केली. "पाणी पिऊ नये" असा लाल अक्षरांचा बोर्ड लावला. तो कुणालाच वाचता येईना, म्हणून शेवटी बाभळीच्या काट्या ओढून तोंड बुजवलं. गावाला पाण्यासाठी नदीवर जावं लागू लागलं आणि नदी म्हणजे चांगली लांब. भागीबायची सून ठकी, कडेवरचं पोर घेऊन टिटवाळ्याच्या बाजूला माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्या बावीचं पानी माज्या पोराला पाजायचं नाय."

भागीबाय सगळ्यांनाच अरेतुरे करायची. देवालाही. मला पाहिलं की एकच प्रश्न, "बाव कवा उघडतोस?" मी सांगायचो, वरची घाण बंद झाल्याशिवाय नाही. "मंग बंद कर की घान. तेच काम ना तुजं?" मी कचेरीत कागद हलवले, साहेबांच्या मागे लागलो, आणि एक दिवस उंबरटेपला सेप्टिक टाकी मंजूर झाली. अशी टाकी खेड्यात पहिलीच. मी हवेत तरंगतच गावात गेलो.

देवळासमोर गाव जमला. वरच्या आळीचे गोमा पाटील अध्यक्षस्थानी. यांचा आवाज असा की ते कुजबुजले तरी नदीवरचे बैल कान टवकारायचे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, तुमच्या गावाला टाकी मंजूर झाली!"

जो गलका उठला म्हणता! टोप्या उडाल्या. वरच्या आळीच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एक म्हातारी चक्क रडायला लागली. माझं भाषण ऐकून आजवर कुणी रडलं नव्हतं, म्हणून मीही रुमाल काढला. गोमा पाटलांनी देवाच्या गळ्यातली झेंडूची माळ काढून माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं, आरोग्याची एवढी जाण असलेलं गाव अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील मला जागा दाखवायला घेऊन गेले. देवळाच्या मागे, सोंडेच्या अगदी माथ्यावर. जागा झाडून, सारवून, भोवती फक्की मारून ठेवलेली. मध्ये नारळ फोडलेला.

"पाटील, इथे नको. टाकी खाली पाहिजे. बोर्डिंगच्या खाली, आळी संपते तिथे."

"खाली? मंग पानी वर कसा चढंल?"

"वर चढवायचंच नाही. खालीच जाणार ते."

"म्हंजे आमाला सोरून खालच्या आळीला?"

"त्यांनाही नाही हो. जमिनीत मुरवायचं."

पाटलांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "सायेब, टाकीत पानी भरायचा आनि जमिनीत वतायचा? सरकारला पानी जास्त झालाय का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरची आळी कित्येक वर्षं पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी अर्ज करत होती, आणि मी शहाणा सगळ्या गावासमोर नुसतं 'टाकी' म्हणून मोकळा झालो होतो.

"पाटील," मी म्हणालो, "ही पाण्याची टाकी नव्हे."

"मंग कसली? घासलेटची?"

मी सांगितलं. दूर उभं राहून सांगितलं, तरी सांगितलं. पाटलांनी आवाज सोडला. "घानीची टाकी? आनि म्या देवलामागं नारल फोडला? अरे, देवाची माल घातली या मानसाला!" काल घातलेली माळ आज परत मागायची कशी, हा पेच त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होता. मीच ती घडी करून त्यांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून वरच्या आळीत मला कुणी चहा विचारीना. "सॅनिटरी" हा शब्द कुणाच्या जिभेला वळत नसल्याने मला आधीपासूनच "सांडतरी सायेब" म्हणत. आता पोरं मागून "टाकीवाला आयला" म्हणून ओरडायची आणि पळायची. मंजुरी हातात आणि गावात हातभर जागा नाही, अशी माझी गत. त्या रागात मी बोर्डिंगच्या पायरीवर बसून बिडी ओढत होतो, तेव्हा भागीबाय वर आली.

"ती घानीची टाकी बांदलीस, तर बाव उघडंल?"

"उघडेल."

"मंग माजी सून येल?"

"भागीबाय, ते मी कसं सांगणार?"

"कसा म्हंजे? इन्सपेटर हायस ना तू?"

आमच्या खात्यात पहिला धडा असतो की तोंडाने काही कबूल करायचं नाही. साहेबांना विचारून सांगतो, कागद वर गेलाय, बघू. असं बोलून बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली होती. पण ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हणून गेलो, "येईल."

"मंग माजा वरकस जमिनीचा तुकडा हाय बोर्डिंगच्या खाली. तो घे." आणि गेलीसुद्धा.

खोदाई सुरू झाली. खालच्या आळीतली माणसं झाडून आली. वरची आळी काठावर बसून तंबाखू मळत बघायची आणि सूचना करायची. पण भिंती वर येऊ लागल्या, दगड रेषेत बसू लागले, आणि खालच्या आळीतले लोक बाजारात "आमची टाकी, आमची टाकी" करू लागले, तसं गोमा पाटलांना चैन पडेना. एके सकाळी पाटलांच्या बैलगाड्या दगड घेऊन हजर. "दगड आमचं लागलं पायजेत. नायतर उद्या सगली टाकी खालच्यांचीच म्हनतील." त्यावर खालच्या आळीने वाळू जास्त आणली. मग वरच्यांनी झाकणाच्या फरश्या आणल्या. घाणीसाठी अशी चुरस मी पुन्हा कुठे पाहिली नाही. मी दोन्हीकडे थोडंथोडं तेल ओतत होतो हे आता सांगायला हरकत नाही.

तरी पाटील मधूनच बाजूला घेऊन विचारायचे, "आनि आमची खरी टाकी कवा?" मी सांगायचो, ते खातं वेगळं. त्यांना वाटायचं मी टाळतोय. मी त्यांचे अर्ज माझ्या हाताने दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवले, पण मी नोकरीत असेपर्यंत त्या आळीच्या माथ्यावर पाणी काही चढलं नाही. ही रुखरुख राहिली.

टाकी झाली. आता मुख्य गोष्ट. नवीन टाकी स्वतःहून काम सुरू करत नाही. ते गाळ खाणारे जीव आत यावे लागतात. आपले आपण यायला फार दिवस घेतात, म्हणून चालू टाकीतला थोडा गाळ आणून नवीन टाकीत सोडायचा. आता हे लोकांना कसं समजवायचं? मागच्या वेळी शब्दाने दगा दिलेला. या वेळी मी रात्रंदिवस विचार करून असा शब्द काढला की शेंबडं पोरही चुकू नये. गावाला जमवून म्हणालो, "दुधाला जसं विरजण लागतं, तसं टाकीला लागतं. मी ते ठाण्याहून घेऊन येतो. तोवर गाड्यांनी नदीचं साधं पाणी आणून टाकी भरून ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायांना तर एकदम पटलं. माझ्या बुद्धीवर मीच खूश झालो.

ठाण्याला खोपटच्या बाजूला एका संस्थेची जुनी टाकी होती, उत्तम चालणारी. तिच्यातला गाळ मी घासलेटच्या रिकाम्या डब्यात भरला, झाकण डाक देऊन घट्ट बंद केलं, वर गोणपाट बांधलं आणि दुपारच्या गाडीत बसलो. गाडीच्या डब्यात मोजकी माणसं. समोर एक सद्गृहस्थ, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. कल्याण गेल्यावर त्यांना राहवेना.

"एवढं जपून काय नेताय हो?"

"विरजण," मी म्हणालो. तोंडातून दुसरा शब्दच येईना.

"एवढं मोठं? कुठे डेअरी काढताय वाटतं!"

"छे हो. एका गावाला हवंय."

"ठाण्याचं विरजण चांगलं असतं का? आमच्याकडे हल्ली दही धडच लागत नाही. पाणीच सुटतं." मग जरा पुढे सरकून म्हणाले, "नाही म्हणजे, अनमान करू नका, पण एक वाटीभर मिळेल का?" आणि पिशवीतून खरोखर पितळेची डबी काढली. डाक दिलंय, आता उघडलं तर खराब होईल, अशी माझी समजावणी खडवलीपर्यंत चालली होती. मी उतरताना त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. माणूस कंजूष आहे असं त्यांचं मत झालं असणार.

डबा डोक्यावर घेऊन मी चढ चढलो. आळी जवळ आली तसा वास आला. घाणीचे वास मला सगळे पाठ आहेत, पण हा त्यातला नव्हता. आंबट वास. टाकीभोवती गावातली झाडून सगळी कुत्री बसलेली, झाकणावर कावळे, आणि मध्ये गोमा पाटील हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होते.

"आलात? उगाच तरास घेतलात, सायेब. काम झाला."

"कसलं काम?"

"विरजनाचा! ठान्याचा विरजन कशाला? आमच्या म्हशी काय मेल्यात?"

पाटलांनी आदल्या दिवशी दवंडी दिली होती. वरच्या आळीतल्या घराघरातून दह्याची मडकी आली. ते कळल्यावर खालची आळी मागे कशाला राहते, त्यांनी ताकाचे हंडे आणले. भागीबायकडे दुभतं नव्हतं, तर तिने शेजारणीकडून उसनं आणून वाटीभर टाकलं. चांगलं रात्री झाकण घालून, वर पोती टाकून ऊबसुद्धा दिली होती! आणि आता गाव वाट बघत होता, टाकी लागली की नाही ते.

मी डबा खाली ठेवला आणि डोक्याला हात लावून मटकन बसलो. हसावं की रडावं कळेना. आपल्या घरचं दही, जे पोरांना भाताबरोबर मोजून वाढतात, ते या माणसांनी संडासाच्या टाकीत ओतलं होतं, आणि तेही माझ्या शब्दाखातर. रागवायचं कुणावर? बोर्डिंगचे हेडमास्तर, पुण्याकडचे सज्जन गृहस्थ, हळूच जवळ येऊन म्हणाले, "मला शंका आली होती. परंतु आपण स्वतः विरजण म्हणालात, तेव्हा शास्त्रात काही नवीन निघालं असेल असं वाटलं."

आंबलेल्या टाकीत माझे ठाण्याचे जीव एक दिवस जगले नसते. मग चुना आणला. थोडा थोडा चुना कालवून आंबटपणा मारला, ताकासकट बरंच पाणी उपसून रानात सोडलं, मग शेण कालवलं, आणि शेवटी डब्याचं झाकण फोडून ठाण्याचा ऐवज आत सोडला. तो बघून गोमा पाटील चार पावलं मागे सरले. "ह्याला विरजन म्हनता तुमी?" त्या आठवड्यात उंबरटेपमध्ये कुणाकडे कढी झाली नाही, आणि पाटलीणबाईंनी नवऱ्याला काय ऐकवलं ते वरच्या आळीत अजून सांगतात म्हणे.

टाकी लागली. पण मग मध्येच पुन्हा बिघडली. वास सुटला, खण तुंबायला लागला. मी चार वेळा आलो, झाकण काढून बघितलं, काही कळेना. भागीबाय पाठीशी उभी. "बाव कवा उघडतोस?" दिवस पावसाचे आलेले. एकदा मी न सांगता सकाळी बोर्डिंगात शिरलो तर हेडमास्तर स्वतः बादली घेऊन संडासांत फिनेल ओतताहेत. रोज! मुलांना स्वच्छतेचा संस्कार म्हणून! माझं डोकंच फिरलं.

"अहो मास्तर, काय करताय? रोज लाखो जिवांची हत्या करताय तुम्ही!"

हेडमास्तर गोरेमोरे झाले. सकाळी मुंग्यांना साखर घालणारा माणूस तो. बादली ठेवून खालीच बसले. "लाखो?" एवढंच म्हणाले. त्यानंतर फिनेलची बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने पुरली आणि एकादशीला एक वेळचं जेवण आणखी सोडलं. आणि खरं सांगतो, टाकी पुन्हा कधी बिघडली नाही.

पाऊस आला, पडला, गेला. ओघळातून नुसतं पावसाचं पाणी वाहिलं. मी बाव उपसून घेतली, ब्लीचिंग पावडर टाकली, बाटल्या भरून पाणी तपासणीला पाठवलं. एकदा निकाल बरा आला नाही. भागीबायला सांगितलं तेव्हा ती घागर घेऊन नदीकडे चालू लागली. तिची ती पाठ बघून मला जेवण गेलं नाही. पुन्हा उपसली, पुन्हा पाठवलं. आणि दिवाळी झाल्यावर कागद आला, पाणी पिण्यास योग्य.

मी गावात निरोप धाडला. गावाने टिटवाळ्याच्या बाजूला धाडला. मी पोचलो तेव्हा बावीभोवती दोन्ही आळ्या जमल्या होत्या. काट्या काढलेल्या. आणि जरा लांब, भावाच्या आडोशाला, कडेवर पोर घेऊन ठकी उभी होती. भागीबाय तिच्याकडे बघत नव्हती. बघितलं तर ती निघून जाईल असं वाटत असावं.

मी कागद उघडून मोठ्याने वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकी तिथूनच म्हणाली, "कागुद काय पानी पितो? सायबाला पाजा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खात्यातलं कुणीही खेड्यात पाणी पीत नसे. सगळ्यांच्या पिशवीत घरच्या उकळलेल्या पाण्याची बाटली. लोकांना "पाणी शुद्ध आहे" सांगायचं आणि झाडाआड जाऊन आपल्या बाटलीतलं प्यायचं, ही रीतच होती. आणि मी दर वेळी पाण्यात काय सापडतं ते वाचलेलं, चित्रं बघितलेली. कागद खरा होता, पण तो त्या दिवशी बाटलीत भरलेल्या पाण्याचा होता. भागीबायने बादली सोडली, तांब्या भरला, माझ्या पुढे धरला. मी डोळे मिटून अख्खा तांब्या रिकामा केला.

"झालं?" मी ठकीला विचारलं.

"आता ऱ्हावा दोन-तीन दिस," ठकी म्हणाली. "बगू."

मग काय, राहिलो! भागीबायच्या ओटीवर घोंगडी टाकून. ठकीने शेजारच्या घरात मुक्काम ठोकला. माझी बाटली तिने पहिल्याच दिवशी ओतून दिली. प्यायला बावीचं, भाताला बावीचं. आणि सकाळी मी तांब्या घेऊन रानाकडून परत आलो की वरच्या आळीतून गोमा पाटलांचा आवाज यायचा, अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा, "सायेब! कसा झाला?"

"नीट झालं!" मी ओरडून सांगायचो. न सांगितलं तर पुन्हा विचारायचे.

"बांदून का पातल?"

"बांधून! बांधून!"

मग पाटील ते वरच्या आळीला सांगायचे आणि खालची आळी आपलं आपण ऐकायची. हेडमास्तर बिचारे येऊन दबल्या आवाजात विचारायचे, "कोष्ठशुद्धी समाधानकारक ना?" ज्याने उभी नोकरी लोकांचे संडास तपासले, त्याची तपासणी गावाने अशी पुरी करून घेतली. रात्री पोटात जरा गुरगुरलं की मला घाम फुटायचा. माझ्या जिवासाठी नव्हे, देवाशपथ. इथे जर मला उलटी झाली, तर ती मुलगी पोर घेऊन पुन्हा कधी हा चढ चढणार नाही, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या सकाळी पाटलांना नेहमीचं उत्तर दिलं आणि ओटीवर येऊन टेकलो. ठकी आली. सासूने भरून ठेवलेल्या घागरीतून तिने पेला बुडवला. अर्धा आपण प्यायली. थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि उरलेला पोराच्या तोंडाला लावला. ते पोर गटागटा प्यायलं, थोडं अंगावर सांडलं, आणि अजून मागितलं.

ठकीने पेला पालथा घातला, घागर कडेवर घेतली आणि दारात उभं राहून विचारलं, "ही कुठं ठेवू?"

भागीबाय चुलीपाशी बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि खेकसून म्हणाली, "घर तुजा हाय ना? इचारतेस काय मला?" मग मान वळवून मला म्हणाली, "आनि तू अजून हितंच? जा घरी. बायको वाट बगत असंल तुजी."

मी घोंगडीची घडी केली, पिशवी उचलली आणि निघालो. निरोप द्यायला कुणीच आलं नाही. दोन्ही आळ्या घागरी घेऊन बावीवर भांडत उभ्या होत्या, पहिली कोण भरणार म्हणून.